दया कीं न्याय?

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९५७ सालीं बोर्डीहून आपलें कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलविलें, तेव्हां वारल्यांचीं मुलें शाळेंत क्वचितच येत. कोणी गुरांमागें असे, कोणी धाकटें भावंड कडेवर घेऊन असे. मुलांस नादान ठरविणें सोपें होतें. त्याऐवजीं शाळाच अंगणांत आणि कुरणांत गेली. उणीव कोणाची, हा प्रश्न त्या कृतीनें उलटा फिरविला.

तोच प्रश्न आज संकेतस्थळांविषयीं विचारला पाहिजे. दाखला, शिष्यवृत्ति, पेढीचें खातें, सारे व्यवहार आतां पडद्यावर आले आहेत. तलासरीकडील एखाद्या आंधळ्या विद्यार्थ्यास कचेरी दूर. त्याला ही सोय वरदानच वाटावी. पडद्यावरील अक्षरें वाचून दाखविणारी आज्ञावली आहे, ती मराठीहि वाचते. परंतु सूचनापत्राचा नुसता फोटो चिकटविलेला असला कीं ती मुकी होते. अर्जांतील रकान्यास नांव जोडलेलें नसलें कीं तेथें काय लिहावयाचें तें तिला सांगतां येत नाहीं. हें दार कोणी द्वेषानें लावलेलें नाहीं. डोळ्यांवांचून कोणी येईल, ही कल्पनाच बांधणाऱ्यास शिवली नाहीं. पण कल्पना न शिवणें याला निर्दोषपणा म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं.

‘शेजाऱ्याकडून अर्ज भरून घ्यावा,’ असें व्यवहारी गृहस्थ सुचवितात. सूचना सद्हेतूची आहे खरी. परंतु हेच गृहस्थ आपलें पासबुक आणि परवलीचा शब्द शेजाऱ्याच्या हातीं देतील काय? अंधानें मात्र आपली मिळकत, आपलें दुखणें दुसऱ्याच्या डोळ्यांनीं वाचावें! शेजारी कितीहि भला असला तरी त्याच्या सवडीचें मिंधेपण राहतेंच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सुगम्यता बंधनकारक केली; त्याखालील २०१७ च्या नियमांतील पंधरावा नियम मात्र शिफारशीच्या सुरांत बोलत होता. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायद्याशीं विसंगत म्हणून रद्द केला. ३० एप्रिल २०२५ च्या निकालाची कथा तर विलक्षण आहे. ओळख पटविण्यासाठीं, आपण जिवंत आहों हें पापणी लववून दाखवावें लागे. ॲसिडनें चेहरा जळालेल्यांनीं व अंधांनीं तें करावें कसें? डिजिटल सेवांपर्यंत पोंचणें हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग, असें न्यायालयानें मानलें. तो उपकार असता तर कर्त्याच्या मर्जीनें मागेंहि घेतां आला असता.

तरी एक शंका माझ्या मनांतून जात नाहीं. ती आज्ञावली बोलते तें पुस्तकी मराठी. वारल्यांच्या घरांतील बोली निराळी. रकान्यांना नांवें दिलीं, फोटोंच्या जागीं खरीं अक्षरें आलीं, तरी त्या टेकड्यांमधील एखाद्या आंधळ्या म्हातारीला तो आवाज कितपत समजेल?