ज्याला प्रार्थना करवत नाही त्याच्यासाठी

प्रार्थना ही ज्याची त्याने करावयाची गोष्ट आहे, असा एक समज आहे. ज्याला भूक त्यानेच जेवावे, तसे. पण ख्रिस्ती उपासनेत दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेला, म्हणजेच मध्यस्थीला, आरंभापासून स्थान आहे. कोकणातील देवळात गुरव एखाद्याच्या वतीने गाऱ्हाणे घालतो, तेव्हा ज्याचे गाऱ्हाणे तो हात जोडून समोर उभा असतो. मध्यस्थीची खरी कसोटी मात्र तो समोर येऊच इच्छीत नाही तेव्हा लागते. आपले जिवलग माणूस निराशेने ग्रासले आहे, देवाचे दार आपल्यापुरते मिटले असे त्याने ठरवून टाकले आहे. अशा माणसासाठी प्रार्थना करणे म्हणजे नेमके काय करणे? आणि तिने त्याची निराशा हटली नाही, तर ती व्यर्थ गेली असे मानावे काय?

अठराव्या शतकातील इंग्रज कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) याच्या चरित्रात हे प्रश्न अत्यंत तीव्रतेने उभे राहतात. १७६३ साली मनोविकाराच्या तडाख्यात सापडलेला कूपर सेंट ऑल्बन्स येथे डॉक्टर नथॅनिएल कॉटन यांच्या उपचारांनी सावरला आणि तेथेच त्याला श्रद्धेचा दिलासा लाभला. पुढे मेरी अन्विन या विधवा स्नेहिणीसह तो १७६७ मध्ये ओल्नी या गावी राहावयास गेला. तेथील धर्मोपदेशक जॉन न्यूटन, एके काळी गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचा कप्तान, त्याचा निकटचा मित्र झाला. दोघे मिळून उपासनागीते रचू लागले. परंतु १७७३ च्या प्रारंभी रोग पुन्हा उलटला. एका भयंकर स्वप्नानंतर कूपरची खात्री पटली की देवाने आपला कायमचा त्याग केला आहे. प्रार्थनेचा हक्कच आपल्याला उरलेला नाही, अशी त्याची धारणा झाली. त्यानंतर मृत्यूपर्यंत, सत्तावीस वर्षे, तो उपासनेला गेला नाही.

न्यूटन त्याच्यासाठी प्रार्थना करीत राहिला. पण त्या प्रार्थनेला देह होता, हे विसरता कामा नये. १७७३ च्या एप्रिलमध्ये कूपर न्यूटनच्या घरी आला आणि वर्षाहून अधिक काळ तेथेच राहिला. त्याने आत्मनाशाचा प्रयत्न केला, तरी त्या घराने त्याला दूर केले नाही. कॉटन यांचा वैद्यकीय सल्लाही घेण्यात आला. मेरी अन्विन रात्रंदिवस त्याची शुश्रूषा करीत होती. पुढे बागकाम, सुतारकाम, पाळलेले ससे आणि अखेर कविता यांच्या आधाराने त्याचे दिवस पुन्हा चालू लागले. दीर्घ कविता लिहिण्यास त्याला मेरीनेच प्रवृत्त केले. निराशा हा आजारही असू शकतो आणि त्याला औषध लागते, हे आज अधिक स्पष्टपणे कळते. वैद्याला वगळून केलेली प्रार्थना ही श्रद्धेपेक्षा हट्टाच्याच जवळ जाते. देवाकडे एखाद्यासाठी काही मागणारा माणूस त्या मागणीचा पहिला बांधील असतो. दुसऱ्यासाठी उजेड मागावयाचा आणि त्याच्या खोलीत जाऊन बसावयाचे नाही, हे चालत नाही.

अशा प्रार्थनेत एक धोकाही दडलेला असतो. न्यूटनच्या कठोर धर्ममतानेच कूपरचे मन अधिक पोळले, असा आरोप अनेक चरित्रकारांनी केला. न्यूटनपुरता तो कितपत न्याय्य आहे हा वादाचा विषय आहे, परंतु त्यातील इशारा खरा आहे. 'आम्ही तुझ्यासाठी इतके करतो, मग तू का सावरत नाहीस?' असा सूर लागला की मध्यस्थीचा तगादा होतो. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते मित्र होते. तोंड उघडून ते त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले आणि त्याचे फिर्यादी झाले. याउलट मार्ककृत शुभवर्तमानात चौघेजण एका पक्षाघाती माणसाला छप्पर उसवून येशूपुढे उतरवतात. त्या आजाऱ्याच्या तोंडी विनंतीचा एक शब्दही नाही. आधी तू विश्वास ठेव, मग आम्ही खाट उचलू, असे त्या चौघांनी त्याला म्हटल्याचेही कोठे दिसत नाही. ज्याला आशा धरवत नाही त्याच्याकडे ती मागू नये. त्याच्या वाट्याची आशा आपण धरावी, इतकाच मध्यस्थीचा अधिकार. त्याच्या निराशेला खोटे ठरविण्याचा अधिकार तिला नाही. स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते प्रार्थनाग्रंथात आहे.

मेरी अन्विन १७९६ साली वारली. १७९९ मध्ये कूपरने 'द कास्टअवे' ही समुद्रात बुडणाऱ्या खलाशाची कविता लिहिली आणि पुढच्याच वर्षी तो गेला. त्याची निराशा अखेरपर्यंत ओसरली नव्हती. मागितलेले मिळाले का, एवढाच हिशेब करावयाचा तर न्यूटनच्या पदरी काही पडले नाही. मात्र हा हिशेब अपुरा आहे. सत्तावीस वर्षे एक माणूस स्वतःला टाकलेला समजत राहिला, आणि तेवढ्या काळात त्याच्या माणसांनी त्याला टाकले नाही. देवाविषयी त्याला जे खरे वाटत नव्हते, ते माणसांकडून त्याच्या वाट्याला येत होते. ही गोष्ट लहान नव्हे.

ईयोबाच्या कथेच्या शेवटी देव मित्रांना सांगतो की तुमच्यासाठी ईयोबानेच प्रार्थना करावी. मध्यस्थी अशी उलटही वाहते. न्यूटनने १७७९ मध्ये 'ओल्नी हिम्स' हा संग्रह प्रसिद्ध केला, त्यात कूपरची साठाहून अधिक गीते होती. स्वतः प्रार्थना सोडून त्याला तेव्हा सहा वर्षे झाली होती. ज्याला देवापुढे उभे राहवत नव्हते, त्याचे शब्द घेऊन अनोळखी माणसे देवापुढे उभी राहू लागली. कोण कोणासाठी प्रार्थना करीत होते, हे तेथे वेगळे काढता येत नाही.