बाटलीची साक्ष

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील संडेस्कूलची एक तरुण शिक्षिका उपासना संपल्यावर माझ्याकडे आली. डेंग्यूच्या तापातून उठून तिला तीन महिने झाले होते आणि केस मुठीमुठीने गळत होते. डोक्यावरची ओढणी ती काढीनाशी झाली होती. तिने दोन जाहिराती माझ्यापुढे ठेवल्या. "काकू, दोन्ही पेप्टाइडच्याच बाटल्या आहेत. एकीने कातडी सुधारते म्हणतात, दुसरीने केस उगवतात. घेऊ का?" दोन्ही तिच्या पगाराला झेपणाऱ्या नव्हत्या.

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. आधी वाचून पाहिले.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब माळा. त्याच माळेचा काही मण्यांचा तुकडा म्हणजे पेप्टाइड. कातडीला बळकटी देणारे कोलॅजेन तुटते तेव्हा त्याचे तुकडे पेशींना नव्या बांधणीची सूचना देतात, या कल्पनेवर ही प्रसाधने उभी आहेत. १९७३ साली लॉरेन पिकार्ट या अमेरिकन संशोधकाने मानवी रक्तद्रवात तीन मण्यांचा, तांब्याला धरून ठेवणारा एक तुकडा शोधला. दुसरा एक पाच मण्यांचा असून कातडीत शिरावा म्हणून त्याला स्निग्ध आम्लाची शेपटी जोडतात. या पाच मण्यांच्या पेप्टाइडची परीक्षा २००५ साली प्रसिद्ध झाली. ९३ स्त्रियांनी १२ आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला ते घातलेले मलम लावले, दुसऱ्या बाजूला साधे. सुरकुत्यांत फरक पडला, पण तो थोडाच. आणि परीक्षा घेणारे संशोधक प्रसाधने विकणाऱ्या कंपनीचेच होते. म्हणून ती खोटी ठरत नाही, पण हे ठाऊक असलेले बरे.

केसांची गोष्ट याहून कच्ची आहे. तांब्याच्या एका पेप्टाइडने केसांची मुळे वाढल्याचे कोरियातील संशोधकांनी २००७ साली दाखवले, पण ती मुळे प्रयोगशाळेतील बशीत होती. बशी म्हणजे डोके नव्हे. उलट मिनॉक्सिडिल हे पेप्टाइड नसलेले औषध माणसांवर पारखले गेले आणि १९८८ साली अमेरिकेत टकलावर लावण्यासाठी त्याला परवानगी मिळाली. तेही थांबवले की मिळालेले केस पुन्हा जातात. म्हणजे 'पेप्टाइड' हा शब्द दोन्ही बाटल्यांवर एकच असला, तरी त्यामागचा पुरावा एका वजनाचा नाही. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असे नीतिसूत्रे सांगतात. तो तराजू केवळ धान्याच्या दुकानात असतो असे नाही.

पण मला खरा विचार करायला लावले ते निराळ्याच गोष्टीने. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुधा पुढील काही महिन्यांत ते आपोआप परत येतात. समजा, तिने कर्ज काढून बाटली घेतली असती. केस आले असते आणि तिने प्रामाणिकपणे चार बायकांना सांगितले असते, "मला गुण आला." तिच्या शब्दावर आणखी चौघी कर्जात पडल्या असत्या. तिने खोटे सांगितले असते काय? नाही. पण साक्ष मात्र खोटी ठरली असती. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. जे आपण तपासले नाही त्याची ग्वाही देणे हेही त्या आज्ञेच्या कक्षेत येते, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले.

मग केसांची इच्छा धरणेच चूक काय? तसे नाही. उपास करणाऱ्यालाही डोक्याला तेल लावून तोंड धुण्यास आपल्या प्रभूने सांगितले. नीटनेटके राहणे हा गर्व नव्हे. पण लेवीयाच्या तेराव्या अध्यायात, याजकाने कातडीची बारीक तपासणी कशी करावी हे सांगताना, मध्येच एक लहानसा निवाडा आहे: ज्याचे केस गळाले तो टकला आहे, तरी शुद्ध आहे. एवढ्या कडक नियमांत देवाला हे मुद्दाम सांगावेसे वाटले, कारण माणसे त्या काळीही केसांवरून माणसाला वजा करीत असत. अलीशाच्या टकलाची टिंगल करणारी मुले आपल्याही वर्गात बसलेली असतात.

मी तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रक्त तपासले, लोह कमी होते, त्याच्या गोळ्या दिल्या आणि वाट पाहण्यास सांगितले. बाटल्या आल्या नाहीत. पुढच्या रविवारी तिने ओढणी न घेता वर्ग घेतला. एका मुलाने विचारलेच, "टीचर, तुमचे केस कुठे गेले?" ती म्हणाली, "तापात गेले. मी मात्र इथेच आहे." आणि तिने धडा पुढे सुरू केला.

शिक्षकबंधुभगिनींनो, कोणत्याही बाटलीची साक्ष देण्यापूर्वी ती तपासा. आणि कोणाच्याही डोक्याकडे पाहून त्याचे मोल ठरवण्यापूर्वी लेवीयातला तो निवाडा आठवा.