घरातली जोखीम

बाळंतीण कारण नसताना रडू लागली की घरात उत्तरं तयार असतात. कुणी म्हणतं, मुळातच हळवी आहे. कुणी दृष्ट काढतं. शिकलेल्या घरात 'हार्मोन्स' हा शब्द येतो. या सगळ्या उत्तरांत घराची मोठी सोय आहे, कारण त्यातलं एकही घराला प्रश्न विचारत नाही.

बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतात, हे खरंच आहे. पहिल्या काही दिवसांतलं रडूही बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. पण हार्मोन्स तर प्रत्येकीचेच उतरतात, मग नैराश्य काहींनाच का गाठतं?

गोव्यात विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवलेल्या २७० गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. २००२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. जोखीम कशात दिसली? गरिबीत, नवऱ्याशी बिघडलेल्या संबंधांत, मारहाणीत, उपाशी राहण्यात. आणि मुलगी होण्यात. बाळ मुलगा की मुलगी, यावर उपासमारीचा आणि मारहाणीचा मनावरचा परिणामही बदलत होता. हे वाक्य मला अजून सहन होत नाही. मुलगी झाली म्हणून कुणाचं हार्मोन वेगळं वागत नाही. वेगळं वागतात ती माणसं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नैराश्य आलेल्या मातांपैकी ७८ टक्के जणींचं मन गरोदरपणातच लक्षणीय बिघडलेलं होतं. म्हणजे डोहाळजेवणात फुलांची वाडी भरून बसलेली, सगळे कौतुक करत असलेली मुलगी आतून खचलेली असू शकते. त्या काळात तिचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन दर तपासणीला पाहिलं जातं. झोप लागते का, घरी कुणी हात उगारतं का, हे विचारायला मात्र कुणी थांबत नाही. वास्तविक नैराश्य चाचपणारी एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून उपलब्ध आहे. तिच्यात प्रश्न फक्त दहा. विचारताना सासू शेजारी नको, एवढं पथ्य पाळायला हवं.

शरीराकडून किंवा आधीच्या दुःखातून येणारी जोखीम मी नाकारत नाही. आधी नैराश्य येऊन गेलं असेल, आधीचं मूल दगावलं असेल, थायरॉइड बिघडलं असेल, तर जास्त जपावं लागतं. बायपोलर आजार असलेल्या स्त्रीनं गर्भ राहिल्याचं कळताच गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, मानसोपचारतज्ज्ञांना गाठावं. हजारात एक-दोन मातांना प्रसूतीनंतर काही दिवसांतच तीव्र मनोविकार होतो: झोप उडते, भास होतात, बाळाविषयी विचित्र समजुती मनात घर करतात. ही तातडीची वेळ आहे. तिला आणि बाळाला एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अंगारे-धुपाऱ्यात गेलेला एक दिवसही जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळीवाची खीर मिळते. तिला सलग चार तास झोप मिळावी म्हणून रात्री बाळ कोण घेतं, ते आपापल्या घरात पाहा. नवऱ्यानं घ्यावं. आणि ती 'मला बरं वाटत नाही' म्हणाली, तर 'सगळ्यांनाच होतं' हे उत्तर देऊ नका. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.