ओझे उतरवायचे, पण कोणाचे?



वारीला निघताना आपण वळकटी बांधतो. दोन जोड कपडे, एक पांघरूण, ताट-तांब्या, टाळ. दिंडीच्या ट्रकमध्ये जागा बेताची, म्हणून जास्तीचे घरीच राहते. अठरा-वीस दिवस तेवढ्यावर निभते, काही उणे वाटत नाही. परतल्यावर मात्र घरातली कपाटे उघडली की मनात येते, एवढे सगळे कशासाठी?

निवृत्तीनंतर आम्हालाही हाच प्रश्न पडला. मुले आपापल्या संसारात. शहरातली जागा विकावी, गावाकडे एखादे जुने घर घेऊन नीट करावे आणि नामस्मरणात दिवस काढावेत, असे ठरले. तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेच काही असेल, म्हणून लिहितो.

घर सापडले. दगड-मातीच्या भिंती, वर कौले, पुढे ओसरी. गवंड्याने समजावले, आधी छप्पर, मग भिंती; गळती थांबल्याशिवाय रंगाला हात लावू नका. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, ओल आत कोंडते. वाशांना वाळवी आहे का, ते टोचून पाहा.

किंमत फारच कमी होती. कारण विचारले तेव्हा कळले, घर वडिलार्जित, भावांना घाई, आणि बहिणीची हक्कसोडपत्रावर सही व्हायची होती. “देईल की, कुठे जाते,” असे भाऊ म्हणाले. २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. तरी मी मनाची समजूत घातली, हा त्यांच्या घरचा प्रश्न. आपण तर पसारा कमी करायला निघालो, यात आपली हाव कुठे?

त्या रात्री तुकोबारायांची कर्जखते आठवली. महाराजांनी ती इंद्रायणीत बुडवली, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि भारावतो. पण कथेतला एक भाग कानावरून निसटतो. धाकटे बंधू कान्होबा यांनी वाटा मागितला, तेव्हा महाराजांनी निम्मी खते त्यांना दिली आणि केवळ आपल्या वाट्याची बुडवली, असे चरित्रकार सांगतात. एवढे वैराग्य, पण दुसऱ्याच्या वाट्याला हात लावला नाही. देहूचे मोडकळीला आलेले देऊळही त्यांनी स्वतः खपून उभे केले. म्हणजे पडके घर सावरण्यात दोष नाही. ते कोणाचा वाटा बुडवून हाती येते, हे पाहायचे.

सकाळी हे घरात बोललो. मंडळी शांतपणे म्हणाली, “आणि माझ्या वाट्याचं काय? जागा विकायचं तुम्ही ठरवलंत. मला विचारलंत कधी?”

माउली, मला उत्तर देता आले नाही. वर मी ‘असे ठरले’ लिहिले आहे. ठरवले होते मी एकट्याने. तिचे भजनी मंडळ, तीस वर्षांचा शेजार, जवळचा दवाखाना, हे सारे मी माझ्या ओझ्यात धरून टाकायला निघालो होतो.

पुढे आम्ही दोघे त्या बहिणीला भेटलो. वाटा मिळाल्यावर तिने सही केली. किंमत वाढली, ओसरीचे काम राहिले. शहरात एक खोली भाड्याने ठेवली आहे, हिच्या शब्दावर. पसारा ठरवल्याइतका कमी झाला नाही. पण त्या ओसरीवर हरिपाठाला बसताना मन कचरत नाही.

तुम्हीही घर आवरायला काढाल, तेव्हा प्रत्येक वस्तू उचलताना एवढे विचारा, ही माझीच आहे ना? जी दुसऱ्याची, ती आधी त्याच्या हाती द्या. मग आपले सोडा.

जय जय रामकृष्ण हरी.