स्वप्नाला काय ठाऊक होतं?

आईने ते स्वप्न मला कितीतरी वेळा सांगितलं. पहाटेची वेळ, जुन्या घराचा उंबरठा आणि बाहेर उभा असलेला तिचा धाकटा भाऊ. अंगावरचे कपडे ओलेचिंब. "आत ये रे," म्हटलं तरी तो येत नाही, नुसता बघत राहतो. ती दचकून उठली, देवापाशी दिवा लावला आणि कामाला लागली. संध्याकाळी तार आली. मामा त्याच दुपारी गेला होता. पहाटेचं स्वप्न खरं होतं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्यामुळे पुढची चाळीस वर्षं एकच प्रश्न तिने उराशी धरला. मला आधी कळलं होतं, मग मी उठल्या उठल्या का निघाले नाही?

स्वप्न खरं की योगायोग, हा वाद आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. त्यात श्रद्धाळू थक्क होतो, विवेकवादी हसतो आणि ज्याला स्वप्न पडलं तो दोघांच्या मध्ये एकटाच उरतो. मी स्वतः अशा स्वप्नांना भविष्य कळतं असं मानत नाही. पण आईचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मला कधीच वाटला नाही.

असंच एक स्वप्न वेल्समधलं आहे. तिथल्या ॲबरफॅन या खाणकामगारांच्या गावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास डोंगरावर रचलेला कोळसाखाणीतल्या कचऱ्याचा ढीग घसरला आणि खालच्या प्राथमिक शाळेवर आला. १४४ माणसं गेली. त्यांतली ११६ मुलं होती. जॉन बार्कर हे मानसोपचारतज्ज्ञ त्या गावात गेले आणि पुढे या दुर्घटनेची पूर्वसूचना कुणाला मिळाली होती का, याचा शोध त्यांनी घेतला. एका दहा वर्षांच्या मुलीची हकिगत त्यांच्यापर्यंत आली. आदल्याच दिवशी तिने आईला स्वप्न सांगितलं होतं. ती शाळेत गेली तर तिथे शाळाच नव्हती, काहीतरी काळं सगळीकडे पसरलं होतं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी त्या ढिगाखाली गेली. बार्कर यांनी लंडनच्या एका वृत्तपत्रातून आवाहन केलं, तेव्हा ७६ उत्तरं आली. १९६७ मध्ये त्यांनी पीटर फेअरली या विज्ञान-पत्रकाराच्या साथीने अशा पूर्वसूचनांची आधीच नोंद ठेवणारं कार्यालय काढलं. आलेल्या बहुतेक सूचना फोल ठरल्या. याच बार्कर यांनी मृत्यूचं भाकीत ऐकून धसक्याने मरणाऱ्या माणसांवर पुस्तक लिहिलं. मग त्यांच्याच भरवशाच्या दोन सूचनादात्यांनी त्यांच्या जिवाला धोका असल्याचं कळवलं. ऑगस्ट १९६८ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले, वयाच्या ४४ व्या वर्षी. भाकीत खरं ठरलं की भीतीने आपलं काम केलं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. ज्याच्यावर भाकीत येऊन आदळतं त्याचं आयुष्य मात्र त्याने बदलतं, एवढं यातून दिसतं.

योगायोगाचं गणित सोपं आहे. समजा, एखाद्या माणसाला जवळच्या एकाच व्यक्तीच्या मृत्यूचं स्वप्न साठ वर्षांत फक्त एकदा पडतं. साठ वर्षं म्हणजे जवळपास २२ हजार रात्री. ते स्वप्न नेमकं मृत्यूच्या आदल्या रात्री पडण्याची शक्यता २२ हजारांत एक. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे एकट्या या राज्यात पाच हजारांहून अधिक माणसांना असा अनुभव निव्वळ योगायोगाने येईल. प्रत्यक्षात जवळची माणसं अनेक असतात आणि घाबरवणारी स्वप्नंही वरचेवर पडतात. जी खरी होत नाहीत ती चहा होईपर्यंत विसरली जातात.

बेत आखून केलेली एक पाहणीही आहे. १९३२ च्या मार्चमध्ये अमेरिकेत वैमानिक लिंडबर्ग यांच्या लहानग्या मुलाचं अपहरण झालं. मूल सापडण्याआधीच हार्वर्डच्या हेन्री मरे यांनी लोकांकडून त्याविषयीची स्वप्नं मागवली आणि सुमारे १३०० स्वप्नं जमली. मे महिन्यात मुलाचं प्रेत झाडीत, उथळ खड्ड्यात सापडलं. मृत्यू, पुरलेलं प्रेत आणि झाडी या तिन्ही गोष्टी असलेली स्वप्नं फक्त चार निघाली. त्या चौघांना आपलं स्वप्न किती हादरवून गेलं असेल, याची कल्पना करता येते. बाकीच्या बहुतेकांना मूल जिवंत दिसलं होतं किंवा भलतंच काही दिसलं होतं.

पण या गणिताने आईचं समाधान झालं नसतं. पाच हजारांपैकी एक होणं म्हणजे काय, हे त्या एकालाच कळतं. शिवाय आकडेमोड एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे स्वप्न जसं सांगितलं तसंच पडलं होतं.

जे. डब्ल्यू. डन या ब्रिटिश सैनिकाचा अनुभव मला इथे सगळ्यांत मोलाचा वाटतो. १९०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या छावणीत त्यांना स्वप्न पडलं. एक बेट ज्वालामुखीने फुटणार आहे, चार हजार माणसं मरणार आहेत आणि आपण फ्रेंच अधिकाऱ्यांकडे जहाजांसाठी जिवाच्या आकांताने विनवणी करतो आहोत. पुढे वर्तमानपत्र आलं. मार्टिनिक बेटावर पेले पर्वताचा उद्रेक झाल्याची बातमी होती. डन वर्षानुवर्षं सांगत राहिले की बातमीतही मृतांचा आकडा चार हजारच होता. बऱ्याच वर्षांनी मजकूर उतरवून घेताना त्यांना दिसलं की तिथे चाळीस हजार छापलं होतं. प्रत्यक्षात सुमारे २८ हजार माणसं गेली होती. डन यांनी ही चूक लपवली नाही, १९२७ च्या आपल्या पुस्तकात ती स्वतःच सांगितली. आपण ज्वालामुखी पाहिला नव्हता, भविष्यात वाचायची बातमी पाहिली होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मला तो पटत नाही. स्वप्नातला आकडा बातमीत वाचला गेला, की बातमी चुकीची वाचल्यावर तो स्वप्नात जाऊन बसला? उत्तर देता येत नाही, कारण स्वप्न आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. डन यांनी पुढे स्वतःला आणि इतरांना घालून दिलेला नियम मात्र शंभर टक्के योग्य आहे. डोळे उघडताच, अंथरुणातच, लिहून काढा.

आपल्याकडच्या वैद्यांनी या प्रश्नाकडे थंड डोक्याने पाहिलं होतं. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार आहेत. पाहिलेल्याचं, ऐकलेल्याचं, अनुभवलेल्याचं, इच्छिलेल्याचं, कल्पिलेल्याचं, पुढचं सांगणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. यांतले पहिले पाच निष्फळ समजावेत, असं चरक सांगतो. भविष्य सांगणाऱ्या स्वप्नाला त्याने जागा ठेवली, पण त्याआधी पाच चाळण्या लावल्या. आपण त्या चाळण्या विसरलो आणि पहाट तेवढी लक्षात ठेवली. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हणही त्या चाळण्यांच्याच बाजूची आहे.

ॲबरफॅनच्या मनात काय वसत होतं? ढिगाची भीती. सात क्रमांकाचा तो ढीग १९५८ पासून झऱ्यावर रचला जात होता आणि झरा नकाशात दाखवलेला होता. शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या या गाळाच्या धोक्याविषयी नगरपालिकेच्या अभियंत्याने १९६३ मध्येच पत्र लिहिलं होतं. चौकशी आयोगाने १९६७ मध्ये राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी ठरवलं, तरी कुणावरही खटला झाला नाही. उलट उरलेले ढीग हलवण्यासाठी दुर्घटनाग्रस्तांच्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले गेले. ते परत करायला १९९७ साल उजाडलं. जागेपणी, तारीख घालून दिलेली पूर्वसूचना फायलीत पडून होती. त्या मुलीने रोज तो काळा डोंगर पाहिला असणार, मोठ्यांचं बोलणंही कानावर गेलं असणार. तिच्या स्वप्नाला मी चमत्कार म्हटलं, तर जे तिला माहीत होतं ते इतरांनाही माहीत असायला हवं होतं, हे मला म्हणता येणार नाही. म्हणून चमत्काराची भाषा मला नुसती चुकीची नव्हे, अन्यायाची वाटते.

आई थकली तेव्हा तिची ट्रंक आवरताना मामाचं एक आंतरदेशीय पत्र मिळालं. तो जाण्याच्या तीन आठवडे आधीचं. अंगात कणकण आहे, उतरत नाही, असं त्याने लिहिलं होतं. खाली एक ओळ, यंदा पाऊस थांबत नाही, नदी पार मारुतीपर्यंत आली, रोज भिजतच घरी येतो. मी ते तिला वाचून दाखवलं.

"म्हणजे मला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो. पत्र वाचणाऱ्या सगळ्यांनाच माहीत होतं. बाबांना, आजीला."

तिने पत्र हातात घेतलं, चष्मा नसतानाही उलटसुलट करून पाहिलं.

"ह्यांनी वाचलं होतं?"

"पत्त्यावर त्यांचंच नाव आहे, आई."

ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग तिने मामाविषयी सांगायला सुरुवात केली. तो पोहायला कसा शिकला, आजोबांचा मार कसा चुकवायचा. स्वप्नाचा विषय तिने त्या दिवशी काढला नाही.