तोल आणि शिल्लक

मराठीत तोल सापडल्याचं कुणी सांगत नाही. तो जातो, सुटतो, ढळतो. तो सांभाळण्याचा उपदेश मात्र सगळेच करतात. आमच्या बँकेत त्याला 'बॅलन्स' म्हणतात आणि त्याचा हिशेब सरळ आहे. संध्याकाळी रोकड जुळली की तो साधला! मग पेटीला कुलूप, खांद्याला पिशवी आणि उद्या सकाळपर्यंत काळजी नाही. म्हणून आमच्या भाचीनं बॅले शिकायला घेतला आणि पायाच्या बोटांच्या टोकावरचा तोल दर क्षणाला नव्यानं जुळवावा लागतो असं सांगितलं, तेव्हा मला धसकाच बसला. दर क्षणाला रोकड मोजायची?

हे टोकावरचं नाचणं गाजलं पॅरिसमध्ये. १८३२ साली मारी ताग्लिओनी 'ला सिल्फीद'मध्ये तशी नाचली. आता बॅले मुंबईलाही परका नाही. इथल्या एका वेल्डरचा मुलगा, आमिरुद्दीन शाह, २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. टोकावर उभं राहणं मात्र मुख्यतः मुलींच्या वाट्याला येतं. त्या बुटाचं टोक कापड-कागदाचे थर चिकटवून कडक केलेलं असतं आणि टेकायला जागा पेढ्याएवढी!

बुटात तोल नसतो, हे भाचीला पहिल्याच दिवशी कळलं. तो घोट्यात, तळव्याच्या बारीक स्नायूंत, पोटात आणि पाठीत असतो. म्हणून आधी काही वर्षं साध्या पायांवर तयारी. दांडा धरून टाचा उचलायच्या, मग हात क्षणभर सोडायचा, मग दोन क्षण. एका पायावर उभं राहायचं. ते जमलं की तेच डोळे मिटून. तोलाची खबर तिघं देतात : डोळे, कानाच्या आतली यंत्रणा आणि सांधे-स्नायू. आपण सगळं काम डोळ्यांवर टाकतो आणि उरलेल्या दोघांना बसून पगार देतो. खोटं वाटत असेल तर दात घासताना एक पाय उचला आणि डोळे मिटा. नळ घट्ट धरून ठेवा म्हणजे झालं.

आता प्रश्न असा, की 'फार समतोल माणूस' असं आपण ज्याला म्हणतो, त्याचा तोल कुठल्या जातीचा?

एक तोल भांडुपला सकाळच्या स्लो लोकलमध्ये मिळतो. दोन्ही पाय अधांतरी असले तरी माणूस पडत नाही, कारण पडायला जागाच नसते. दुसरा पंपिंग स्टेशनमागच्या खाडीत हिवाळ्यात दिसतो. तिथे रोहित पक्षी तासन्‌तास एका पायावर उभे. मला त्यांचा फार आदर होता. पण २०१७ साली अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की मेलेला रोहितसुद्धा एका पायावर उभा करता येतो! सांध्यांची रचनाच तशी, स्नायूंना कष्ट नाहीत. तिसरा तोल त्या नर्तकीचा. लांबून ती निश्चल दिसते, पण घोट्यात क्षणाक्षणाला दुरुस्ती चाललेली असते. डावीकडे जरा जास्त झालं, आण मागे.

समजा, काउंटरवर एखाद्या आजोबांनी भरण्यात पाचशेची एक नोट जास्त दिली. कारकून ती परत करतो. वर कॅमेरा आहे म्हणून केली, तर तो लोकलमधला तोल. सवयीनं, मान वर न करता केली, तर रोहिताचा. आणि मुलीची फी भरायची राहिलीय हे क्षणभर आठवून, हात किंचित थबकून, तरी परत केली, तर? आपण त्या थबकण्याला कमीपणा मानतो. मला तर वाटतं, त्या दिवशी तो एकटाच टोकावर उभा होता.

आजोबांना तिन्ही वेळी पाचशे रुपये मिळतात, हे खरं. त्यांच्या पासबुकात फरक पडत नाही. पण कॅमेरा बंद पडतो, गाडी रिकामी होते आणि मग आपल्या घोट्यात किती शिल्लक आहे ते कळतं. म्हणून अधूनमधून दांड्यावरचा हात क्षणभर सोडून बघावा. थोडी थरथर होईल, तिला भिऊ नये. थरथर अजिबातच झाली नाही, तर मात्र आपला रोहित झालेला नाही ना, तेवढं कुणाकडून तरी तपासून घ्यावं.