सोवळ्यातला सर्व्हर

आमच्या घरातलं सोवळं आजीबरोबर गेलं. काठीने उंच दांडीवर टाकलेलं लुगडं, ‘शिवू नकोस रे मेल्या!’ ही आरोळी, आणि शिवलोच तर बडबडत पुन्हा आंघोळीला निघालेली आजी, हा सगळा कारभार आटोपला असं आम्ही धरून चाललो होतो. तो मला पुन्हा भेटला, आणि भेटावा कुठे? एखाद्या मठात नव्हे, चक्क मेनफ्रेमवर!

मेनफ्रेम म्हणजे १९६४ साली आय.बी.एम.ने जाहीर केलेल्या सिस्टीम/३६०ची नातवंडं-पतवंडं. मोठमोठ्या बँकांचे नि विमा कंपन्यांचे हिशेब आजही त्यांच्या पोटात असतात. आमच्यासारखे लोक पुण्यात बसून अमेरिकेतल्या एका बँकेचं असलं यंत्र सांभाळतात. त्यात फेरफार करायचे ते मालक झोपेत असताना, म्हणजे तिकडे रविवारची पहाट आणि इकडे रविवारीच पानावर बसायची वेळ.

त्या रविवारचं काम किरकोळ होतं. दूरच्या माणसाला कुलूपबंद वाटेने आत घेणारा एसएसएच सर्व्हर नव्या फाइल सिस्टीमवर हलवायचा आणि सुरू करायचा. फाइल सिस्टीम ही एक सुटी खोली समजा. ती वाड्याच्या एखाद्या दाराला जोडली की आतल्या वस्तू हाताला लागतात. या जोडणीला माउंट म्हणतात. पूर्वी डिस्कच्या चकत्यांची जड चवड माणूस खरोखरच उचलून यंत्रावर चढवायचा. चढवणारा गेला, शब्द राहिला.

खोली जोडली गेली. सर्व्हर मात्र उठेना. एरर नंबर १३९, म्हणजे ‘तुला हा अधिकार नाही’. खाली कारणाचा कोड. त्याचं नाव जे-आर-एन्व्ह-डर्टी. डर्टी! कोट्यवधी डॉलर किमतीचं यंत्र, आणि तक्रार काय, तर विटाळ झाला.

यामागचं शास्त्र पाहण्यासारखं आहे. हा सर्व्हर आत येणाऱ्या माणसाचं रूप घेऊ शकतो. तुम्ही आलात की तो तुम्ही होतो, मी आलो की मी. इतकी सत्ता ज्याच्या हाती, त्याच्या ॲड्रेस स्पेसमध्ये, म्हणजे त्याच्या कामाच्या जागेत, येणारा प्रत्येक प्रोग्रॅम ओळखीचा आणि शिक्क्याचा हवा. एक जरी बिनशिक्क्याचा शिवला की सगळी जागा ओवळी. आणि इथे पुन्हा आंघोळीची सोय नाही. त्या जागेने मरायचं आणि नव्याने जन्म घ्यायचा. आजी पुष्कळच दयाळू होती म्हणायची.

आम्ही एकेका प्रोग्रॅमचा शिक्का तपासला. सगळ्यांच्या कपाळी ‘पी’ ठसठशीत! तरीही डर्टी. दोन तास गेले, घरून तीनदा फोन आला. शेवटी आमच्या हाताखालच्या मुलाने माउंटची ओळच मोठ्याने वाचली, आणि तिच्यात सापडलं ‘नो-सेट-यूआयडी’. याचा अर्थ, या खोलीत राहणाऱ्या कोणाचेही विशेष अधिकार मानू नका, कपाळावरचा शिक्काही धरू नका. बँकेतल्या कोणीतरी सामान्य वापरणाऱ्यांच्या खोल्यांसाठी लिहिलेली ओळ इथे तशीच उतरवली होती. त्या खोल्यांना ती योग्यच. उद्या कोणी आपल्या घरच्या यंत्रावर स्वतःच मालक बनून शिक्के मारले आणि ती डिस्क इथे आणून जोडली, तर? परगावच्या शिक्क्यावर विश्वास कसा ठेवायचा?

‘पण सर,’ तो मुलगा म्हणाला, ‘यात ह्या प्रोग्रॅमचं काय चुकलं?’

एरवी मी ‘काही नाही, पत्ता चुकला’ असं म्हणून हसलो असतो. पण हा मुलगा दोन महिने पुण्यात भाड्याने जागा शोधत होता. नोकरी उत्तम, पगार वेळेवर, वागणं माझ्याहून बरं. फोनवर जागा रिकामी असायची. आडनाव आणि गाव सांगितलं की तिथे मालकाचा पुतण्या राहायला येणार असायचा. पुण्यात घरमालकांना इतके पुतणे असतात हे मला त्याच्यामुळे कळलं.

मी यंत्राची बाजू मांडू लागलो. म्हटलं, संशय त्याच्यावर नाही रे, तो कुठून आला यावर आहे. बोललो आणि चपापलो. आजी अगदी हेच म्हणायची, ‘तू वाईट नाहीस रे, पण कुठे कुठे हुंदडून आलास कोण जाणे!’ फरक एवढाच, की मी आंघोळ करून आलो की स्वयंपाकघरात जाऊ शकत होतो. अंगणात ओंजळ धरून उभी राहणारी, जिला वरून पाणी घातलं जायचं ती बाई, पहाटे नदीवर न्हाऊन आलेली असली तरी अंगणातच. तिच्या खोलीची ओळ कोणी लिहिली आणि कुठे लिहिली, हे आजीलाही सांगता आलं नसतं.

यंत्राचं मला त्यातल्या त्यात बरं वाटतं ते यासाठी. ते नाकारतं, पण तोंडावर नाकारतं, आणि का ते नंबरासह सांगतं. नियम ज्या ओळीत आहे ती दाखवता येते, आणि दाखवली की बदलता येते.

आम्ही ती बदलायला घेतली. आधी खोली सोडवायला हवी, तर एरर ११४, ‘आत कोणी तरी आहे’. बँकेतलाच एक इसम त्या डिरेक्टरीत शिरून, यंत्र तसंच सोडून झोपायला गेला होता. त्याला बाहेर काढलं, खोली सोडवली, नवी ओळ लिहून पुन्हा जोडली. सर्व्हर सुरू झाला. तेच प्रोग्रॅम, तेच शिक्के.

आमटी पुन्हा गरम करून जेवायला बसलो, तोच त्या मुलाचा फोन. सदाशिव पेठेतली खोलीही गेली होती.

‘काय म्हणाले?’

‘कळवतो म्हणाले, सर.’

‘आणि कारण?’

‘कोड दिला नाही.’